उंची किती उरली?

२६ एप्रिल २०२३. जपानच्या आयस्पेस कंपनीचं हाकुतो-आर हे यान चंद्राच्या ॲटलस विवरात उतरत होतं. यानाच्या हिशेबानं उंची शून्यावर आली, पण प्रत्यक्षात जमीन अजून सुमारे पाच किलोमीटर खाली होती. पाय टेकण्याची वाट पाहत यान सावकाश खाली सरकत राहिलं, इंधन संपलं आणि ते कोसळलं.

महिन्याभरात कंपनीनं कारण जाहीर केलं. विवराचा कडा ओलांडताच खालची जमीन एकदम तीन किलोमीटर खोल गेली. उंची मोजणाऱ्या उपकरणानं हा फरक बरोबर टिपला. सॉफ्टवेअरला मात्र एवढी मोठी उडी अशक्य वाटली. उपकरण बिघडलं असं त्यानं ठरवलं आणि नंतरची मोजमापं बाजूला सारली. खरं बोलणाऱ्या साक्षीदाराला खोटं ठरवून खटला निकालात काढावा, तसा हा प्रकार. उतरण्याची जागा आराखड्याचा मोठा टप्पा पार पडल्यानंतर बदलली होती, आणि नव्या जागेच्या चढउतारांचा सराव सॉफ्टवेअरला पुरेसा मिळाला नव्हता.

चंद्रावर यंत्रं उतरवण्याच्या साठ वर्षांत इंजिनं बदलली, कॅमेरे बदलले, संगणक तर ओळखू येणार नाहीत इतके बदलले. तरी एक प्रश्न तसाच आहे: जमीन नेमकी किती खाली आहे? चंद्रावर हवा नाही, त्यामुळे पॅराशूटचा उपयोग नाही. वेग मारायचा तो इंजिनाच्याच जोरावर. पृथ्वीवरून पाठवलेल्या संदेशाला तिथं पोचायला सुमारे सव्वा सेकंद लागतो आणि उत्तर यायला तेवढाच वेळ. कक्षेतून निघालेलं यान सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक वेगानं धावत असतं. नियंत्रण कक्षात बसून त्याला हाताला धरून उतरवणं शक्य नाही. जे ठरवायचं ते यानानंच.

पहिल्या यानांना ठरवायचं फारसं काही नव्हतंच. सोव्हिएत संघानं अनेक अपयशांनंतर ३ फेब्रुवारी १९६६ रोजी लूना-९ अलगद उतरवलं. रडारनं सुमारे ७५ किलोमीटरवर इशारा दिला, इंजिन पेटलं, जमिनीपासून काही मीटरवर एका लांब दांडीनं स्पर्शाची खूण दिली आणि हवेच्या पिशव्यांत गुंडाळलेली शंभरेक किलोची कुपी बाजूला फेकली गेली. खाली खडक आहे की सपाटी, याची यानाला गंधवार्ताही नव्हती. मोहिमेचा पाया घालणारे सर्गेई कोरोल्योव्ह त्याआधी तीनच आठवडे वारले होते. गंमत म्हणजे यानाची छायाचित्रं सोव्हिएत वृत्तपत्रांच्या आधी ब्रिटनमध्ये छापून आली, कारण तिथल्या जॉड्रेल बँक वेधशाळेच्या दुर्बिणीनं त्याचे संदेश परस्पर पकडले होते.

अमेरिकेच्या सर्व्हेयर यानांची पद्धत अधिक हुशारीची होती. मोठं घन-इंधनाचं इंजिन बहुतेक वेग मारायचं आणि गळून पडायचं. मग तीन लहान इंजिनं रडारच्या मोजमापानुसार जोर कमी-जास्त करत यान खाली आणायची आणि सुमारे चार मीटरवर बंद व्हायची. सर्व्हेयर-१ जून १९६६ मध्ये पहिल्याच प्रयत्नात उतरलं आणि सातांपैकी पाच यशस्वी झाली. सर्व्हेयर-३ ची कथा मात्र इथं महत्त्वाची. एप्रिल १९६७ मध्ये ते जमिनीजवळ आलं आणि नेमक्या त्या क्षणी रडार चमकदार खडकांमुळे गोंधळलं. इंजिनं वेळेवर बंद झालीच नाहीत. यान टेकलं, उडालं, पुन्हा टेकलं, पुन्हा उडालं आणि शेवटी नशिबानं उभं राहिलं. अडीच वर्षांनी अपोलो-१२ चे अंतराळवीर चालत त्याच्यापाशी गेले आणि त्याचा कॅमेरा काढून घरी घेऊन आले.

माणूस सोबत असला की प्रश्न सुटत असे. अपोलो-११ संगणकाच्या मार्गानं एका विवराभोवतीच्या दगडांच्या राशीकडे चाललं होतं. नील आर्मस्ट्राँगनं खिडकीतून ते पाहिलं, सूत्रं हाती घेतली आणि यान पुढे नेऊन मोकळ्या जागी उतरवलं. आर्मस्ट्राँग आणि त्याचा सोबती चंद्रावर असतानाच सोव्हिएत संघाचं मानवरहित लूना-१५ तिथंच आपटलं. पुढे सोव्हिएत यंत्रांनी मातीही आणली, गाड्याही चालवल्या. पण ऑगस्ट १९७६ मधल्या लूना-२४ नंतर चंद्रावर अलगद उतरणंच थांबलं. थांबलं ते ३७ वर्षं.

दरम्यान यंत्राला डोळे देण्याचं काम पृथ्वीवर चालू होतं. नासानं फ्लोरिडात स्पेस शटलच्या धावपट्टीच्या टोकाला दगड आणि खड्डे रचून शंभर मीटर लांबी-रुंदीचं खोटं चंद्रांगण तयार केलं आणि तिथं मॉर्फियस नावाचं लँडर उडवून पाहिलं. ऑगस्ट २०१२ मध्ये ते पेटून खाक झालं. दुसरं बांधलं आणि २०१४ मध्ये त्यानं लेझरनं जागा पारखून उतरून दाखवलं. खऱ्या चंद्रावर मात्र आधी चीन पोचला. १४ डिसेंबर २०१३ रोजी चांग-ई-३ नं उतरताना कॅमेऱ्यानं मोठे अडथळे चुकवले, शंभर मीटरवर थबकून लेझरनं जमिनीचा नकाशा घेतला आणि मगच जागा निवडली. आर्मस्ट्राँगच्या नजरेचं काम यंत्रानं केलं ते इथं. तेव्हापासून २०२४ पर्यंत उतरलेलं चीनचं प्रत्येक चांद्रयान यशस्वी ठरलं, त्यातली दोन चंद्राच्या पलीकडच्या बाजूला.

भारताचं लँडर खरं तर रशियाकडून यायचं होतं. २०११ मध्ये रशियाची मंगळाच्या उपग्रहाकडची मोहीम फसली, तिकडचं वेळापत्रक कोलमडलं आणि इस्रोनं लँडर स्वतःच बांधायचं ठरवलं. चित्रदुर्ग जिल्ह्यात चळ्ळकेरेजवळ कृत्रिम विवरं खणून त्यांच्यावरून उपकरणं नेऊन तपासली. तमिळनाडूतल्या सित्तमपुंडीचा खडक चंद्राच्या मातीशी जुळतो म्हणून तो दळून सरावाची जमीन बनवली.

७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चं हे लँडर, विक्रम, उतरायला निघालं. ३० किलोमीटरपासून ७.४ किलोमीटरपर्यंत सगळं सुरळीत झालं. पुढच्या टप्प्यात वेग ठरल्यापेक्षा अधिक घटला. पुढे इस्रोचे अध्यक्ष झालेले एस. सोमनाथ यांनी जुलै २०२३ मध्ये जे सांगितलं, ते इथं लक्षात घेण्यासारखं आहे. पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला. त्यातून साचलेली चूक त्या टप्प्यात लगेच सुधारता येत नव्हती, कारण छायाचित्रांसाठी यानाला स्थिर राहायचं होतं. टप्पा संपल्यावर यानाला झपकन वळावं लागलं, पण इतकं झपकन वळायची मुभा सॉफ्टवेअरनं दिलेली नव्हती. त्यात उतरायची जागा जेमतेम ५०० मीटर लांब-रुंद. जमीन जवळ आली तरी त्या चौकोनात पोचण्यासाठी यान वेग वाढवत राहिलं. म्हणजे शिस्त पाळण्याच्या नादात ते आदळलं. अवशेषांचा माग चेन्नईचे अभियंता षण्मुग सुब्रमण्यन यांनी नासाच्या छायाचित्रांतून लावला.

चांद्रयान-३ बांधताना प्रश्नच उलटा विचारला गेला: काय काय बिघडू शकेल आणि तरीही उतरता कसं येईल? पाचाऐवजी चार इंजिनं. इंधन जास्त. पाय अधिक दणकट, सेकंदाला तीन मीटर वेगाचा धक्का सोसणारे. वेग थेट मोजणारं लेझर उपकरण नवं. उतरायची जागा चार किलोमीटर लांब आणि २.४ किलोमीटर रुंद. उपकरणं हेलिकॉप्टरला लावून तपासली, आणि इंजिनं पेटवून क्रेनला टांगलेल्या लँडरवर चाचण्या झाल्या. प्रक्षेपकाची इंजिनं मुंबईत विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यातली आणि बूस्टरचे भाग इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरचे, याचं आपल्याकडे कौतुक झालं, ते रास्तच. पण २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी जिंकलं ते हे उलटं विचारणं. जमिनीपासून दीडशे मीटरवर यान थांबलं, कॅमेऱ्यानं जागा पाहिली आणि ते उतरलं. ३ सप्टेंबरला त्यानं इंजिनं पुन्हा पेटवून सुमारे ४० सेंटीमीटरची उडीही मारली.

चांद्रयान-३ उतरण्याच्या चारच दिवस आधी रशियाचं लूना-२५ आदळलं होतं. त्याचं इंजिन ८४ ऐवजी १२७ सेकंद चाललं, कारण थांबण्याची वेळ कळवणारं उपकरण चालूच झालं नव्हतं.

त्यानंतरची दोन वर्षं गर्दीची गेली. जपानच्या स्लिमनं जानेवारी २०२४ मध्ये विवरांचे फोटो नकाशाशी जुळवत, ठरलेल्या जागेपासून अवघ्या ५५ मीटरवर पाय टेकले. एक इंजिन ऐनवेळी निकामी झाल्यानं ते नाकावर उभं राहिलं, तरी अचूकतेचा तो उच्चांक. अमेरिकेच्या इंट्युइटिव्ह मशीन्सच्या ओडिसियसचं प्रकरण वेगळंच. उंची मोजणाऱ्या लेझरची सुरक्षा कळ उड्डाणाआधी मोकळी करायची राहून गेली, हे चंद्राभोवती फिरताना ध्यानात आलं. नासाचं प्रायोगिक लेझर उपकरण यानावर होतं. त्याची मापं वापरण्यासाठी दोन तासांत सॉफ्टवेअर बदललं गेलं, पण सॉफ्टवेअरमधली एक खूण करायची राहिल्यानं ती मापं वापरलीच गेली नाहीत. यान अंदाजानं उतरलं आणि कलंडलं. मार्च २०२५ मध्ये फायरफ्लायचं ब्लू घोस्ट सरळ उभं राहिलं. चार दिवसांनी इंट्युइटिव्हचं दुसरं यान, अथेना, आडवं पडलं. पुन्हा उंचीमापकाचीच तक्रार. जूनमध्ये आयस्पेसचं दुसरं यानही आदळलं. लेझरनं जमीन वेळेवर दाखवली नाही, वेग पुरेसा घटला नाही. एकाच कंपनीला एकाच प्रश्नानं दोनदा दगा दिला.

अपयशानंतर कोण कसं वागलं हेही पाहण्यासारखं आहे. आयस्पेसनं आपली चूक नकाशासह मांडली. भारतात विक्रमबद्दल २०१९ च्या नोव्हेंबरात लोकसभेला काही ओळींचं उत्तर मिळालं आणि खुलासेवार कारणं जवळपास चार वर्षांनी, पुढचं यान उड्डाणाच्या तयारीत असताना, अध्यक्षांच्या तोंडून कळली. चौकशी समितीचा सविस्तर अहवाल आजही सर्वांसमोर नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चांद्रयान-४ ला चंद्रावरून माती घेऊन परतायचं आहे, म्हणजे उतरणं हा त्या कामाचा केवळ पहिला भाग. ते यान बांधणारी अनेक मुलं-मुली आज महाविद्यालयात आहेत. इस्रोनं चांद्रयान-२ चा अहवाल छापावा आणि त्यांच्या हाती द्यावा.