धावा, पण पळ काढू नका

फौजा सिंग यांचं नाव निघालं की चर्चा होते ती त्यांच्या वयाची. ८९व्या वर्षी पहिली लंडन मॅरेथॉन आणि शंभरी गाठल्यावर, २०११ मध्ये टोरोंटोची ४२ किलोमीटरची मॅरेथॉन. जन्मदाखला नसल्यामुळे गिनेस बुकात नोंद झाली नाही, तरी जगाने त्यांना शंभर वर्षांचा धावपटू म्हणूनच ओळखलं. पण हे आजोबा विक्रमासाठी धावायला लागले नव्हते. जालंधरजवळच्या ब्यास पिंड या गावचा हा शेतकरी. १९९२ मध्ये पत्नी गेली. १९९४ मध्ये मुलगा कुलदीप अपघातात गेला. त्यानंतर फौजा सिंग दुसऱ्या मुलाकडे लंडनला गेले. परका देश, परकी भाषा आणि डोक्यात सतत गेलेल्या माणसांचे विचार. अशा वेळी त्यांनी धावण्याचा आधार घेतला. २००० सालची पहिली मॅरेथॉन त्यांनी सुमारे सात तासांत पूर्ण केली. तीन वर्षांनी टोरोंटोत त्यांना लागले पाच तास चाळीस मिनिटं.

धावल्यामुळे पत्नी आणि मुलगा परत येणार नव्हते. मग नेमकं काय बदललं? जोडीदाराचा मृत्यू, घटस्फोट, नोकरी जाणं, मोठं आजारपण अशा प्रसंगांतून जाताना धावायला लागलेली माणसं आपल्या आजूबाजूलाही असतात. सकाळी शिवाजी पार्कवर किंवा रंकाळ्याच्या काठावर धावणाऱ्या प्रत्येकाचं कारण वजन किंवा साखर हेच असेल असं नाही. 'धावलो म्हणून सावरलो' असं ही माणसं म्हणतात, तेव्हा त्यात विज्ञान किती आणि समजूत किती, हे पाहण्यासारखं आहे.

मेंदूत तयार होणारा 'आनंद'

बराच वेळ धावल्यावर मन हलकं होतं, थोडी धुंदी चढल्यासारखं वाटतं. याचं श्रेय अनेक वर्षं एंडॉर्फिन या रसायनांना दिलं जात होतं. पण त्यात एक अडचण होती. व्यायामाने रक्तातलं एंडॉर्फिन वाढतं हे खरं. मात्र रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक संरक्षक पडदा असतो आणि एंडॉर्फिनचे मोठे रेणू तो सहजी ओलांडू शकत नाहीत.

म्हणून शास्त्रज्ञांचं लक्ष दुसऱ्या एका गटाकडे गेलं. शरीर स्वतः तयार करतं अशा या रसायनांना एंडोकॅनाबिनॉइड म्हणतात. गांजातला मुख्य घटक मेंदूतल्या ज्या ग्राहींवर काम करतो, त्याच ग्राहींवर हीही रसायनं काम करतात. त्यांतलं पहिलं १९९२ मध्ये इस्रायलमधील राफेल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत सापडलं आणि त्याला नाव मिळालं 'आनंदमाइड'. हा आनंद आपलाच, थेट संस्कृतमधून घेतलेला. या रसायनांचे रेणू लहान आणि स्निग्ध असतात, त्यामुळे ते मेंदूत सहज शिरतात.

२०२१ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी ६३ धावपटूंवर एक प्रयोग केला. काहींना एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारं औषध दिलं, तर काहींना नुसती औषधासारखी दिसणारी गोळी. मग सगळ्यांना ४५ मिनिटं धावायला लावलं. एंडॉर्फिनचा मार्ग बंद असलेल्यांनाही तितकंच हलकं वाटलं, त्यांचीही चिंता कमी झाली आणि दोन्ही गटांच्या रक्तात एंडोकॅनाबिनॉइड वाढलेली आढळली. एंडॉर्फिनला सगळं श्रेय देता येणार नाही, हे त्यातून स्पष्ट झालं.

पण हा परिणाम काही तासांत ओसरतो. महिनोन्‌महिने चालणाऱ्या दुःखाला तेवढा पुरत नाही. त्यापुढचं काम मनाच्या पातळीवर होतं.

तेच ते विचार

दुःखात माणसाला सर्वांत जास्त थकवतं ते एकाच विचाराभोवती फिरत राहणं. 'तेव्हाच दवाखान्यात नेलं असतं तर', 'मी तसं बोललो नसतो तर' अशी वाक्यं घाण्याला जुंपलेल्या बैलासारखी गोल गोल फिरतात. धावताना श्वास, पाय, रस्त्यावरचा खड्डा, मागून येणारी रिक्षा यांच्याकडे लक्ष द्यावंच लागतं. त्या अर्ध्या तासात घाणा थांबतो, निदान त्याचा वेग तरी कमी होतो.

हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांचा २०१७ चा एक प्रयोग इथे बोलका आहे. ८० जणांपैकी काहींनी अर्धा तास जॉगिंग केलं, तर काहींनी अंग ताणण्याचे साधे व्यायाम. नंतर सगळ्यांना चित्रपटातला एक दुःखी प्रसंग दाखवला. धावून आलेल्यांनाही वाईट वाटलंच. फरक पडला तो पुढे. भावना आवरणं आपल्याला जड जातं, असं ज्यांनी आधी सांगितलं होतं, ते धावून आले असतील तर लवकर सावरले. थोडक्यात, धावण्याने दुःख होणं थांबत नाही, दुःखातून बाहेर येण्याची ताकद वाढते.

याला आणखी दोन गोष्टींची जोड मिळते. पहिली म्हणजे मोजता येणारं उद्दिष्ट. मोठं संकट आलं की आपल्या हातात काहीच नाही, असं वाटू लागतं. अशा वेळी 'आज त्या वडाच्या झाडापर्यंत' हे ठरवणं आणि पार पाडणं आपल्या हातात असतं. दुसरी गोष्ट म्हणजे सोबत. आपल्याकडे कुणी गेलं की तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. खरी परीक्षा सुरू होते ती चौदाव्या दिवशी, पाहुणे आपापल्या गावी परतल्यावर. सकाळी सहा वाजता मैदानावर कुणीतरी आपली वाट पाहत असणं, हे त्यानंतरच्या दिवसांत औषधाइतकं मोलाचं ठरू शकतं. शेजारी शेजारी धावताना एकमेकांच्या डोळ्यांत पाहावं लागत नाही. समोरासमोर बसून जे ओठांवर येत नाही, ते चार किलोमीटरनंतर सहज बोललं जातं.

दक्षिण आफ्रिकेतील 'कॉम्रेड्स' ही सुमारे ९० किलोमीटरची शर्यत अशाच सोबतीतून जन्मली. पहिल्या महायुद्धात लढलेल्या विक क्लॅपहॅम यांनी मृत सहकाऱ्यांच्या स्मरणार्थ १९२१ मध्ये ती सुरू केली. पहिल्या वर्षी ३४ जण धावले. आज हजारो जण धावतात आणि महाराष्ट्रातूनही अनेक जण तिथे जातात.

औषधाइतकं परिणामकारक?

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने १९९९ मध्ये नैराश्याचे १५६ रुग्ण निवडले, सगळे पन्नाशीपुढचे. एका गटाला औषध, दुसऱ्याला चालण्या-धावण्यासारखा व्यायाम, तिसऱ्याला दोन्ही. औषधाचा गुण लवकर दिसू लागला, पण १६ आठवड्यांनंतर तिन्ही गटांत जवळजवळ सारखीच सुधारणा होती.

२०२३ मध्ये नेदरलँड्समध्ये नैराश्य किंवा चिंताविकार असलेल्या १४१ जणांना औषध की धावणं, अशी निवड करायला सांगितलं. ९६ जणांनी धावणं निवडलं, ४५ जणांनी औषध. १६ आठवड्यांनी दोन्ही गटांत बरे झालेल्यांचं प्रमाण साधारण ४४ टक्के होतं. वजन, रक्तदाब, हृदयाचं आरोग्य यांत धावणारे पुढे होते. पण याच अभ्यासातला आणखी एक आकडा फारसा सांगितला जात नाही. ठरलेले उपचार पूर्ण करणारे औषधगटात ८२ टक्के होते आणि धावणाऱ्यांत फक्त ५२ टक्के. म्हणजे जवळपास निम्म्यांनी धावणं अर्ध्यात सोडलं. शिवाय लोकांनी गट स्वतः निवडला होता आणि औषध निवडणाऱ्यांचं नैराश्य आधीच थोडं अधिक तीव्र होतं.

२०२४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २१८ प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. चालणं-धावणं, योगासनं आणि ताकदीचे व्यायाम नैराश्यात उपयोगी दिसतात, असं त्यात आढळलं. मात्र यातल्या बऱ्याच पुराव्यांचा दर्जा फार भक्कम नाही, असंही त्यांनी नमूद केलं. म्हणून कुणाच्या सांगण्यावरून चालू असलेली गोळी परस्पर बंद करून बूट घालणं हा शहाणपणा नव्हे. गोळी आणि धावणं यांत भांडण नाही, दोन्ही एकत्र चालू शकतात.

पळणं आणि पळ काढणं

मराठीत पळणं आणि पळ काढणं यांत एका शब्दाचा फरक आहे. या विषयातला कळीचा मुद्दा नेमका तोच आहे. २०२३ मध्ये नॉर्वेतील संशोधकांनी हौसेने धावणाऱ्या २२७ जणांना विचारलं, की रोजच्या जगण्यातून बाहेर पडण्यासाठी तुम्ही धावता ते कशासाठी? उत्तरांमधून दोन प्रकारची माणसं दिसली. काही जण काहीतरी मिळवायला धावत होते: ताजेपणा, नवा अनुभव, स्वतःविषयी बरं वाटणं. काही जण काहीतरी टाळायला धावत होते: नको असलेले विचार, घरातला ताण, आठवणी. पहिल्या गटात समाधान अधिक होतं. दुसऱ्या गटात समाधान कमी आणि व्यायामाच्या व्यसनाची लक्षणं जास्त होती. यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे एवढ्या अभ्यासावरून ठरत नाही. पण धोक्याची खूण म्हणून ही विभागणी उपयोगी आहे.

ती स्वतःला लावून पाहता येते. एक दिवस धावणं चुकलं तर जीव कासावीस होतो का? गुडघा सुजलेला असतानाही थांबवत नाही का? घरची माणसं, काम, झोप यांच्या वाट्याचा वेळ धावण्यात जातो का? ज्या प्रश्नासाठी धावायला लागलो, त्यावर अजून कुणाशीही एक शब्द बोललो नाही, असं आहे का? उत्तरं 'हो' असतील, तर अंतर वाढवण्याची नव्हे, थांबून बोलण्याची वेळ आहे. धावून आल्यावर घरी बसून रडू आलं, तर मात्र काही बिघडलेलं नाही. उलट दबलेलं दुःख वाट शोधतं आहे, असंच समजावं.

सुरुवात कशी आणि कधी?

दुःखाचा पहिला आघात शरीरावरही होतो. झोप उडते, भूक मरते, छातीत धडधडतं. जवळची व्यक्ती गेल्यानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका नेहमीच्या सुमारे २१ पट होतो, असं अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. निरोगी माणसासाठी प्रत्यक्ष धोका तरीही लहानच असतो. पण हे दिवस जोरात धावायला लागण्याचे नव्हेत. पहिले काही आठवडे नुसतं चालावं. वय चाळिशीपुढे असेल, रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

पुढे 'काउच टू फाइव्ह के' हा सोपा आराखडा वापरता येतो. जॉश क्लार्क या तरुणाने १९९६ मध्ये तो बनवला. प्रेमभंगानंतर तो स्वतः धावायला लागला होता आणि पन्नाशीतल्या आईलाही जमेल अशी पद्धत त्याला हवी होती. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं चालून अंग मोकळं करायचं. मग एक मिनिट हळू धावायचं आणि दीड मिनिट चालायचं, असं वीस मिनिटं. आठवड्यातून तीन दिवस. नऊ आठवड्यांत सलग पाच किलोमीटर किंवा अर्धा तास धावता यावं, अशी ही चढण आहे. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करायचा. धावताना सोबत्याशी एखादं पूर्ण वाक्य बोलता येत असेल, तर वेग बरोबर आहे. दम लागून शब्द तुटत असतील, तर कमी करा.

एक अडथळा शरीराचा नसतो. 'नवरा जाऊन महिना नाही झाला आणि ही बूट घालून निघाली' असं बोलणारी तोंडं प्रत्येक गल्लीत असतात. दुःखात असलेल्या बाईने घराबाहेर पडणं आजही अनेकांना खटकतं. अशा वेळी नणंद, दीर, मुलगी, शेजारीण यांपैकी कुणी 'चल, मी येते तुझ्याबरोबर' म्हणत चपला घातल्या, तर ती फार मोठी मदत असते. निम्मी माणसं धावणं अर्ध्यात सोडतात हे पाहता, सोबत करणाऱ्याचं महत्त्व धावणाऱ्याइतकंच आहे.

मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप आणि भूक गेली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर केवळ धावण्यावर विसंबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल, तर दोन आठवडेही थांबू नका. केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' या १४४१६ क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येतं. धावायला उद्याची सकाळ आहेच. बोलायला मात्र उद्यापर्यंत थांबायची गरज नाही.