अटकेच्या कागदापासून कोऱ्या पानापर्यंत

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्यांना ‘लाइक’ केले. दोघींना अटक झाली, एकीच्या नातेवाइकाचा दवाखाना जमावाने फोडला आणि दोघी पंधरा हजारांच्या जातमुचलक्यावर सुटल्या. या अन्यायाचे तपशील आपल्याला नेमके ठाऊक आहेत, कारण त्याचा कागद होता. त्यावर गुन्हा नोंदवणाऱ्या ठाण्याचे नाव होते, माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ६६ अ होते. कागद होता म्हणून वृत्तपत्रांना विचारता आले, पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित व्हावे लागले आणि श्रेया सिंघल या तरुणीला त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयात जाता आले. गेल्या तेरा-चौदा वर्षांचा मागोवा घेताना मला सर्वांत मोठा फरक इथे दिसतो. तेव्हा बोलणाऱ्याला पकडत होते, आता बोलणेच दिसेनासे केले जाते, आणि ते कोणी, कशासाठी केले हे सांगणारा कागद बहुधा मिळत नाही.

कलम ६६ अ मुळातच सैल होते. २००८ च्या दुरुस्तीने ते आले. त्रास, गैरसोय, अपमान अशा मोजमाप नसलेल्या शब्दांवर त्यात तीन वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची सोय होती. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांनी ते घटनाबाह्य ठरवले. चर्चा करणे, एखाद्या मताचा पुरस्कार करणे आणि चिथावणी देणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, निर्बंध लावता येतो तो तिसरीवर, हे त्या निकालाचे सूत्र. तरीही पोलीस ठाण्यांत हे कलम लावले जात राहिले. २०२१ मध्ये हा विषय पुन्हा सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा निकालानंतरही देशभरात तेराशेहून अधिक गुन्हे नोंदले गेल्याची आकडेवारी समोर होती आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा होता. त्यावर महान्यायवादींनी जे स्पष्टीकरण दिले त्यातून ठाण्यातले टेबलच डोळ्यांसमोर येते. कायद्याच्या छापील पुस्तकात कलमाचा मजकूर जसाच्या तसा आहे, ते रद्द झाल्याची नोंद खाली तळटीपेत आहे, आणि गुन्हा नोंदवणारा तळटीप वाचत नाही. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला सर्व राज्यांना पुन्हा बजावावे लागले. ही गोष्ट संतापजनक आहे, पण इथेही गुन्हे मोजता आले, कारण ते नोंदलेले होते.

त्याच निकालाचा दुसरा भाग फारसा कोणी आठवत नाही. संकेतस्थळे बंद करण्याचा अधिकार देणारे कलम ६९ अ न्यायालयाने कायम ठेवले. कारणे लेखी नोंदवली जातील आणि ती पाहून उच्च न्यायालयात दाद मागता येईल, हा त्यामागचा एक मोठा आधार होता. पण याच कलमाखालच्या २००९ च्या नियमांतला सोळावा नियम तक्रार आणि कारवाई दोन्ही गुप्त ठेवायला सांगतो. लेखी कारणे असतील, पण ती कपाटात असतील तर ज्याचा मजकूर गेला त्याने आव्हान कशाला द्यायचे? सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०१४ मध्ये ४७१ दुवे बंद केले गेले, २०२० मध्ये ९,८४९. यांतले सगळे पत्रकारितेचे नव्हते, दहशतवादी प्रचार आणि फसवणूकही त्यात असणार, हे मान्यच आहे. पण किती कशाचे, हे नागरिकाला तपासता येत नाही, आणि माझा आक्षेप तेवढाच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘विकटन’ या तमिळ माध्यमसंस्थेचे संकेतस्थळ वाचकांना उघडेना. पंतप्रधानांवरचे एक व्यंगचित्र त्याआधी ‘विकटन’च्या डिजिटल नियतकालिकात आले होते. संकेतस्थळ अडले तेव्हा संस्थेच्या हाती अधिकृत आदेश नव्हता. एका व्यंगचित्रासाठी जवळपास शतकभराची परंपरा असलेल्या संस्थेचे अख्खे संकेतस्थळ अडवले गेले. मार्चमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते खुले करायला सांगितले, पण व्यंगचित्राचे पान तात्पुरते काढून ठेवावे, या अटीवर.

यावर खोट्या बातम्यांचा आक्षेप येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवेतून, भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले. असे मृत्यू डोळ्यांसमोर असताना अफवांना मोकळे रान द्या, असे कोण म्हणेल? पण २०२३ मध्ये केंद्राने माहिती तंत्रज्ञान नियमांत जो बदल केला, त्याचा राईनपाड्याशी संबंध नव्हता. केंद्र सरकारच्या कारभाराबद्दलचा मजकूर खोटा की दिशाभूल करणारा, हे केंद्राचेच पथक ठरवणार होते. अफवेला बळी पडणाऱ्या भटक्या माणसाला त्यातून काहीच संरक्षण नव्हते, संरक्षण होते ते सरकारला. मुंबई उच्च न्यायालयात या नियमावर जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचे मत दुभंगले आणि सप्टेंबरमध्ये न्या. चांदूरकर यांनी तिसरे मत देऊन तो घटनाबाह्य ठरवला. तो नियम जाहीर झालेला होता, म्हणूनच त्याला आव्हान देता आले.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. काही आदेश उघड केले तर तपास बिघडेल, असे सांगतात. काही प्रकरणांत ते खरेही असेल. पण काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीवर ‘काश्मीर टाइम्स’च्या अनुराधा भसीन यांनी दाद मागितली, तेव्हा जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदीचे आदेश प्रसिद्ध करायला सांगितले. सुरक्षेचा प्रश्न तिथे किती तीव्र होता, हे वेगळे सांगायला नको. तिथे आदेश प्रसिद्ध करता येतात, तर व्यंगचित्राच्या पानाबाबत प्रकाशकाला प्रत का मिळू नये? नाजूक भाग झाकून ती देता येते. उलट ऑक्टोबर २०२४ पासून ‘सहयोग’ पोर्टलवरून सरकारी यंत्रणा थेट कंपन्यांना मजकूर हटवायच्या सूचना धाडतात, ६९ अ खालच्या मागण्या तपासणारी समितीही मध्ये नसते. त्याविरुद्धची एक्स कंपनीची याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. हा सारा व्यवहार सरकार आणि कंपनी यांच्यातला. ज्याने मजकूर लिहिला, त्याला सूचनेची प्रत देणे त्यात बंधनकारक नाही.