भुशाने फट भरते, लाकूड जुळत नाही

मी पडले कॉन्व्हेंटवाली, तेव्हा माझं मराठी जरा सांभाळून घ्या. बंदुकीच्या लाकडी भागाला 'दस्ता' म्हणतात हेही मला परवापर्यंत माहीत नव्हतं. मी आपली 'बट' म्हणायचे.

चिखली तालुक्यात आमच्या गावी आबांची जुनी छऱ्याची बंदूक आहे. तिनेच त्यांनी मला डबड्यावर नेम धरायला शिकवलं. दिवाळीच्या सुट्टीत ती माझ्याच हातून ओट्यावरून पडली आणि दस्त्याला मुठीजवळ लांब चीर गेली. आबा काहीच बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

दस्ता अक्रोडाचा. हे झाड काश्मीरकडचं. लाकूड झटका सोसतं आणि हवा बदलली तरी फारसं वाकत नाही, म्हणून बंदुकीसाठी जगभर त्याला मान. घरात काश्मीरहून आणलेला अक्रोडाचा फुटका ट्रे होता. तो पॉलिश पेपरने घासून पूड काढली, सुताराच्या पांढऱ्या गोंदात कालवली आणि चिरेत भरली. दिसायला एकदम मस्त! दहाव्या छऱ्याला चीर परत उघडली.

"अवं पोरी, भुशानं कुठी लाकूड जुळते का?" आबा म्हणाले.

होस्टेलवर येऊन विचार केला, तेव्हा तीन चुका सापडल्या.

पहिली, तेल. बंदुकीला वर्षानुवर्षे दिलेलं तेल लाकडात मुरतं आणि तेलकट लाकडाला गोंद धरत नाही.

दुसरी, झटका. स्प्रिंगच्या बंदुकीत पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा बंदूक मागे येते. पिस्टन टोकाला थांबला की ती पुढे हिसकते. म्हणजे प्रत्येक छऱ्याला दोन उलटसुलट धक्के, आणि मूठ तर दस्त्याची सगळ्यात बारीक जागा.

तिसरी, पूड. लाकडाची ताकद त्याच्या लांब तंतूंत असते. पुडीत ते तुटलेले असतात. पूड जागा भरते, भार घेत नाही.

भार घ्यायला आडवा आधार हवा. इशापूरच्या कारखान्याने .३०३ रायफलच्या पुढच्या लाकडात आडवा स्क्रू घातला होता, तो लाकूड फाटू नये म्हणूनच.

मग पुढच्या सुट्टीत परत सुरुवात. दस्ता सुटा केला. जुना गोंद खरवडला. चीर ॲसिटोनने धुतली, वर खडूच्या पुडीचा लेप रात्रभर ठेवला. खडू तेल शोषतो. लेप तेलकट होईना तोवर हेच केलं. मग चिरेत पातळ इपॉक्सी सोडलं आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून आवळून २४ तास ठेवलं. नंतर चिरेला आडवं भोक पाडून आट्यांची बारीक पितळी सळई इपॉक्सीतच बसवली.

पुडीचा नंबर सगळ्यात शेवटी! ती मलमलमधून चाळली, इपॉक्सीत श्रीखंडाइतकी घट्ट कालवली आणि उरलेल्या खाचेत व सळईच्या तोंडावर थोडी उंचच भरली. सुकल्यावर आधी १२०, मग २२० आणि ३२० नंबरचा पेपर. इपॉक्सीत पूड काळपट दिसते, म्हणून थोडी सागाची फिकट पूड मिसळली. रंग आधी फुटक्या ट्रेवर तपासला. शेवटी जवसाच्या तेलाचे पातळ हात.

दोन गोष्टी विसरू नका. घासताना नाकाला फडकं बांधा. आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा. परवान्याच्या बंदुकीला तर घरी हातच लावू नका, ते काम परवानाधारक कारागिराचं.

आता शंभरावर छरे झाले, चीर बंद आहे. उजेडात धरलं तर एक काळसर रेघ दिसते. आबांनी तिच्यावरून अंगठा फिरवला, काही बोलले नाहीत, आणि स्वतः जाऊन भिंतीवर डबडं मांडून आले.