वाऱ्याची वाट न पाहणारा प्रवासी

ट्रॉयची लढाई संपली आणि ओडिसियस राजा गलबतं घेऊन घरी निघाला. घर म्हणजे इथाका बेट. पोचायला त्याला किती वेळ लागला असेल? तब्बल १० वर्षं! होमर या ग्रीक कवीच्या महाकाव्यातली ही गोष्ट. तिच्यातला वाऱ्याचा प्रसंग तर फारच चुटपुट लावतो. वाऱ्यांचा रखवालदार इओलस यानं सगळे उलटे वारे चामड्याच्या पिशवीत कोंडून ओडिसियसला दिले. दहाव्या दिवशी इथाका दिसू लागलं. तेवढ्यात दमलेल्या राजाचा डोळा लागला आणि पिशवीत सोनं-चांदी असेल म्हणून सोबत्यांनी ती सोडली. झालं! गलबतं पुन्हा होती तिथे.

असाच घरी जाणारा एक वीर इंदापूर तालुक्यात भेटतो. बारामतीहून भिगवण काही लांब नाही. भिगवण, कुंभारगावला उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला गर्दी होते. पण तुम्ही काठावर चरणारा राखाडी हंसही शोधा. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे दिसले, की तो पट्टकदंब!

या पक्ष्यांची घरटी मंगोलिया आणि तिबेटकडच्या तळ्यांकाठी असतात. उन्हाळा जवळ आला की ते परत निघतात, आणि वाटेत आडवा उभा असतो हिमालय. शास्त्रज्ञांनी काही पट्टकदंबांच्या पाठीवर छोटी यंत्रं बसवली. एक पक्षी सुमारे ७,२९० मीटर उंचीवर नोंदला गेला. कळसूबाई शिखर १,६४६ मीटरचं. एकावर एक अशी चार ठेवली तरी कमीच!

दिवसा हिमालयात वारा उतारावरून वर वाहतो. त्यावर आरामात चढता आलं असतं ना? पण पट्टकदंब बहुधा रात्री नाहीतर पहाटे उडतो. तेव्हा वारा शांत असतो. थंड हवा दाट असते, म्हणून पंखांना आधार चांगला मिळतो आणि प्रत्येक श्वासात प्राणवायूही थोडा जास्त येतो. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू पकडतं. मदतीचा वारा सोडून तो स्वतःच्या पंखांवर चढतो, हे मला ओडिसियसच्या पराक्रमाहून मोठं वाटतं.

या उड्डाणासाठी लागणारी चरबी तो इथेच चरून साठवतो. घाबरून पुन्हापुन्हा उडावं लागलं, तर ती वाया जाते. म्हणून भिगवणला गेलात, तर नावाडीकाकांना होडी लांबच थांबवायला सांगा आणि दुर्बिणीतून बघा.