कबड्डीतील दम आणि पंचांचा निर्णय

बास्केटबॉलमध्ये चेंडू कोणत्या संघाच्या ताब्यात आहे, हे पंच डोळ्यांनी ठरवितात. कबड्डीत चेंडूच नसल्यामुळे चढाईचा अधिकार टिकला की नाही, याचा निर्णय कानांनी करावा लागतो. मार्च २०२४ मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे झालेल्या ७०व्या वरिष्ठ पुरुष राष्ट्रीय स्पर्धेतही पंचांपुढे हेच कार्य होते.

‘दम’ म्हणजे एका श्वासात केलेला ‘कबड्डी’ या शब्दाचा स्पष्ट व अखंड उच्चार होय. मध्यरेषा ओलांडण्यापूर्वी त्याचा आरंभ झाला पाहिजे. त्यास विलंब झाल्यास, अथवा नियत शब्दच उच्चारला जात नसल्यास, पंच चढाई करणाऱ्यास परत पाठवितात. प्रतिपक्षास एक तांत्रिक गुण व चढाईची संधी मिळते. परंतु प्रतिपक्षाच्या अंगणात दम तुटला, तर खेळाडू बाद होतो. सदोष उच्चार आणि खंडित उच्चार यांतील भेद म्हणूनच निर्णायक ठरतो.

‘ड्ड’ उच्चारताना वायुप्रवाह क्षणमात्र अडतोच. तो दमभंग नव्हे. उच्चार थांबला, किंवा मध्येच नवा श्वास घेतला गेला, म्हणजे दम तुटतो. प्रेक्षकांच्या गजरात पंचांस हा सूक्ष्म भेद तत्क्षणी ओळखावा लागतो. ‘प्रो कबड्डी’त चढाईस ३० सेकंदांची मर्यादा आहे; तथापि घड्याळाने काल मोजला जातो, श्वासाची परीक्षा होत नाही.