फोटोतली गाडी कोणाची?

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका परिचित काकूंनी मला एक फोटो आणून दिला. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे. वडील १९३०च्या सुमारास शिकायला कॅलिफोर्नियात होते. फोटोत ते एका लांबलचक गाडीच्या मडगार्डला टेकून उभे आहेत. अंगात कोट, हातात हॅट. मागच्या बाजूला पेन्सिलीने दोनच शब्द लिहिलेले: ‘आपली गाडी’. घरात तिला ‘बाबांची ड्यूसेनबर्ग’ म्हणत. काकू वडिलांच्या पत्रांचे पुस्तक करत होत्या, आणि या फोटोखाली काय छापायचे, हा त्यांचा प्रश्न होता. नातू म्हणत होता, गाडी इंदूरच्या होळकरांची असणार.

आज आपण गाडी विकत घेतो ती सबंध. त्या काळातल्या अतिश्रीमंतांची रीत वेगळी होती. ड्यूसेनबर्ग कंपनी इंडियानापोलिसची. तिचे ‘मॉडेल जे’ १ डिसेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडले गेले. कंपनी विकायची ती चासी, म्हणजे सांगाडा, इंजिन, चाके, रेडिएटर, बॉनेट. किंमत ८,५०० डॉलर. फोर्डची अख्खी नवी गाडी तेव्हा पाचशे डॉलरच्या आसपास मिळत होती. चासी घेतल्यावर गिऱ्हाईक बॉडी बांधणाऱ्या कारखान्याकडे जाई आणि आपल्या पसंतीची बॉडी चढवून घेई. असे कारखाने बरेच होते : पासाडेनाचा मर्फी, न्यूयॉर्कचा रॉल्स्टन, रोझमाँटचा डेरहॅम. मॉडेल जे एकूण ४८०च्या आसपासच बनल्या. म्हणून ‘ही गाडी कोणती?’ या प्रश्नात खरे तर तीन प्रश्न असतात. चासी कोणाची, बॉडी कोणाची, आणि या जोडीतली नेमकी ही गाडी कोणती.

पहिला प्रश्न सोपा. मडगार्डमधूनच दिवे उगवल्यासारखे दिसले तर बहुधा पीअर्स-ॲरो. चाकाच्या मध्यावर षट्कोन आणि रेडिएटरला उतरते खांदे असले तर पॅकार्ड. काकूंच्या फोटोत उंच, ताठ रेडिएटर होता. त्यापुढच्या बंपरच्या दोन पट्ट्या मध्यावर बो-टायसारख्या चिमटल्या होत्या. हा बंपर ड्यूसेनबर्गचा. घरातली आठवण इथवर खरी निघाली, आणि मला फार बरे वाटले. खानदानी गाड्यांच्या आठवणी भिंगाखाली सहसा टिकत नाहीत.

फोटो उलटा तर छापलेला नाही ना, हेही पाहावे लागते. नंबरप्लेटची अक्षरे सुलटी होती आणि कोटाचा वरचा खिसा डाव्या छातीवर होता. तेव्हा डावीकडे दिसणारे स्टिअरिंग खरोखरच डावीकडे होते. प्लेटवर कॅलिफोर्निया आणि ‘३२’ वाचता आले. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत तेव्हा दरवर्षी नवी प्लेट मिळे आणि तिच्यावर साल उठवलेले असे. मात्र ते साल फोटोचे. गाडी त्याआधी दोनतीन वर्षे रस्त्यावर असू शकते.

एवढ्यावर होळकरांचा निकाल लागला. यशवंतराव होळकरांची ड्यूसेनबर्ग प्रसिद्ध आहे. पण ती उजव्या स्टिअरिंगची, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची, आणि बनली १९३०च्या दशकाच्या मध्यावर. नातू जरा खट्टू झाला.

दुसरा प्रश्न अवघड, आणि मी तोंडावर आपटलो आहे तो याच भागात. काही वर्षांपूर्वी एका छोट्या नियतकालिकात मी एका फोटोवरून ठोकून दिले होते की ही ‘एसजे’, म्हणजे सुपरचार्जर बसवलेली गाडी. एसजे १९३२पासून बनल्या, जेमतेम छत्तीस. माझा पुरावा काय, तर बॉनेटच्या एका बाजूने बाहेर आलेले चार चकचकीत नळ. महिनाभरात एका वाचकाचे पत्र आले. हे नळ साध्या जे गाडीलाही हौसेने बसवून मिळत! मी दागिना पाहिला होता, इंजिन नव्हे. तेव्हापासून एका खुणेवर मी काही लिहीत नाही.

बॉडीच्या घाटाचेही तसेच आहे. गॉर्डन ब्यूरिग हा तरुण चित्रकार १९२९पासून ड्यूसेनबर्गमध्येच बॉड्यांची रेखाटने करत होता, आणि ती वेगवेगळ्या कारखान्यांकडे बांधायला जात. त्यामुळे हात एकाचा आणि कल्पना दुसऱ्याची, असे सर्रास होई. ‘ला ग्रांद’ नावाच्या बॉड्या मला सुरुवातीला पॅरिसच्या वाटल्या होत्या. त्या निघाल्या इंडियानातल्याच. फ्रेंच नाव नुसते भाव वाढवायला.

काकूंच्या फोटोत मात्र दोन खुणा एकमेकींना धरून होत्या. पुढच्या काचेचे दोन्ही खांब अगदी बारीक. चालकाला समोरचे मोकळे दिसावे म्हणून मर्फीचे कारागीर ते तसे करत. आणि गाडी उघडी असून मागे दुमडलेल्या टपाचे गाठोडे कुठेच नाही. टप धातूच्या झाकणाखाली पूर्ण गडप करायची ही युक्तीही मर्फीची. ड्यूसेनबर्गवर सर्वांत जास्त बॉड्या मर्फीच्याच, आणि पासाडेना कॅलिफोर्नियातले. मी मर्फी म्हणायला तयार झालो.

चासी आखूड की लांब, हे काढायला गेलो आणि अडलो. पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर आखूड चासीत १४२.५ इंच, लांब चासीत १५३.५. गाडी अगदी बाजूने टिपलेली असेल तर हे अंतर टायरच्या उंचीच्या सव्वाचार पटीच्या जरा वर भरते, लांब चासीत साडेचार पटीच्याही पलीकडे. पण इथे गाडी तिरपी उभी. तिरप्या फोटोत मागचे चाक जवळ सरकल्यासारखे दिसते, आणि मग पट्टी हवा तो आकडा देते. मी मोजमाप सोडून दिले.

तिसरा प्रश्न तर फोटोच्या हातातच नाही. गाडीची ओळख तिच्या इंजिन-चासीच्या क्रमांकांत असते, आणि ते बॉनेटखाली. शिवाय बॉड्या या चासीवरून त्या चासीवर जात. १९३२ साली मर्फी कारखाना बंद पडल्यावर तिथल्याच बोमन आणि श्वार्त्झ या दोघांनी पासाडेनात दुकान काढले आणि जुन्या मर्फी बॉड्यांना नवा साज चढवून दिला. म्हणजे आज एखाद्या संग्रहालयात हीच गाडी उभी असली, तरी चेहऱ्यावरून ती ओळखू येईलच असे नाही.

हे सगळे मी काकूंना सांगितले. त्यांनी सरळच विचारले, “म्हणजे बाबांची नव्हती?”

शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलाला फोर्डही परवडली नसती, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होते. मी म्हणालो, “काकू, फोटोवरून मालक कळत नाही. ‘होती’ असं लिहिता येणार नाही, एवढंच.”

त्यांनी फोटो उलटून पेन्सिलीच्या अक्षरांवर बोट ठेवले. “अहो, ते बसस्टॉपवर उभे राहूनसुद्धा म्हणायचे, ‘आली बघ आपली गाडी.’” आणि स्वतःच हसल्या.

पुस्तकात त्या फोटोखाली छापले आहे : ‘बाबा, कॅलिफोर्निया, १९३२. शेजारी ड्यूसेनबर्ग मॉडेल जे. बॉडी बहुधा मर्फी कंपनीची. फोटोच्या मागे त्यांच्या हस्ताक्षरात – आपली गाडी.’