चोपन्नावर भक्ती, पंचावन्नावर अहंकार

वेरूळच्या 14, 21 आणि 29 क्रमांकांच्या लेण्यांत शिव-पार्वती सारीपाट मांडून बसले आहेत. 21 क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यात तर खाली नंदी आणि त्याच्याशी मस्ती करणारे गणही आहेत; वरचा डाव रंगात आला आहे आणि खालच्यांना आपली करमणूक सापडली आहे. खेळणारे कोण, पाहणारे कोण, कुरघोडी कोणाची, हे सगळं शिल्पकाराने दगडात नोंदवलं. पट कोणी रचला, हे मात्र नोंदवण्याची गरज त्याला वाटली नाही. खेळ रचणाऱ्याच्या वाट्याला बहुतेक वेळा हेच येतं. नाटकाला नाटककार असतो, चालीला संगीतकार असतो. खेळ मात्र ‘आपले जुने’ असतात. वेरूळच्या या जिल्ह्यापुरता एक ठळक अपवाद आहे. गोदाकाठच्या आपेगावी 1275 मध्ये जन्मलेल्या, पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर उभ्या राहिलेल्या आणि 1290 मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण करणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या नावावर परंपरेने एक खेळ लावला आहे: मोक्षपट, म्हणजे आजच्या सापशिडीचा पूर्वज. व्हिडिओ गेमच्या युगात ‘गेम डिझायनर’ ही प्रतिष्ठेची ओळख झाली असताना या जुन्या श्रेयाकडे पुन्हा पाहायला हवं. त्यातून एका मोठ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. खेळ रचणाऱ्याचा वारसा नेमका कशात राहतो: नावात, चित्रांत की नियमांत? माझ्या मते तो नियमांत राहतो, आणि भारतीय गेमच्या सध्याच्या उत्साहात नेमकी हीच बाजू मागे पडते आहे.

आधी श्रेयाचा हिशेब. ज्ञानेश्वरांनी मोक्षपट रचला याला समकालीन पुरावा नाही. आज उपलब्ध असलेले जुने पट प्रामुख्याने 18व्या शतकापासूनचे आहेत. समाधीचं वर्ष 1296 धरलं तर मधे सुमारे साडेचार शतकांची दरी पडते. शिवाय हा खेळ एकट्या महाराष्ट्राचा नाही. राजस्थान-गुजरातेत तो ज्ञानचौपड म्हणून खेळला जाई. त्याचे जैन पट आहेत, वैष्णव आहेत, सूफीही आहेत. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयातले अँड्र्यू टॉप्सफील्ड यांनी 1985 मध्ये लिहिलेल्या अभ्यासात 72, 84, 100 आणि 124 घरांच्या पटांची परंपरा मांडली आहे. मराठी शाखाही काल्पनिक नाही. भांडारकर संस्थेचे ग्रंथपाल वा. ल. मंजूळ यांनी रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहातले मराठी मोक्षपट अभ्यासकांपुढे आणले. म्हणजे मराठीत हा खेळ होता हे पक्कं, तो ज्ञानेश्वरांचाच होता हे अपक्कं. यावर इतिहासाचा अभ्यासक म्हणेल की मग श्रेय काढूनच टाका. तसं करायला हरकत नाही. पण ते कोणाच्या नावावर लावलं गेलं हाही एक पुरावाच आहे. पटाचे नियम ज्यांनी खेळून पाहिले, त्यांना त्यात संतवाणीशी जुळणारा विचार दिसला, म्हणूनच ते नाव चिकटलं. तेव्हा कर्त्याचा दाखला शोधण्यापेक्षा पटच वाचावा.

हरीश जोहरी यांनी ‘लीला’ या पुस्तकातून जगभर पोचवलेला 72 घरांचा वैष्णव पट त्यासाठी सोयीचा आहे. तो मराठी पट नव्हे, पण त्याच घराण्यातला आहे. त्यात दहा शिड्या आणि दहा साप आहेत, आणि प्रत्येक घराला नाव आहे. गाठायचं ते 68वं घर, वैकुंठ. ते हुकलं तर डाव संपत नाही. सोंगटी पुढे सरकते आणि 72व्या घरात, तमोगुणावर, पोचली की तिथला साप तिला 51व्या घरात आणतो. त्या घराचं नाव पृथ्वी. आता पृथ्वीवर परतलेल्या खेळाडूच्या हातात फासा आहे. एक पडला तर 52, म्हणजे हिंसा. तिथला साप 35व्या घरात नरकवासात नेतो. तीन पडले तर 54, म्हणजे भक्ती. तिथली शिडी थेट 68व्या वैकुंठात. चार पडले तर 55, म्हणजे अहंकार. तिथून सरळ तिसऱ्या घरात, क्रोधात. दोन, पाच, सहा पडले तर नुसतंच पुढे सरकायचं. भक्तीनंतर लगेच अहंकार ठेवणाऱ्याला साधनेतला सगळ्यात मोठा धोका कुठे असतो हे नेमकं माहीत होतं. हे त्याने ओवीत सांगितलं नाही, की चित्रात दाखवलं नाही. दोन घरं शेजारी ठेवली, आणि एका ठिपक्याच्या फरकाने कोणी वर गेला, कोणी खाली आला.

याच पटावर ज्ञान 37व्या घरात आहे. तिथली शिडी 66व्या घरात, आनंदात, सोडते. वैकुंठ दोन घरं पुढेच राहतं. 17व्या घरातली दया सोंगटीला 69व्या घरात, ब्रह्मलोकात, नेते. तिथे पोचलेला वैकुंठ ओलांडून गेलेला असतो, म्हणून त्याला पुन्हा तमोगुणाच्या वाटेने पृथ्वीवर उतरावं लागतं. दया मोठी, पण मोक्ष तिच्यात नाही. ज्ञान आनंद देतं, पण शेवटची दोन घरं चालायला लावतं. एकटी भक्तीच थेट पोचवते. हा भक्तिमार्गाचा चक्क युक्तिवाद आहे, आणि तो फक्त आकड्यांच्या जागांनी केलेला आहे. ज्ञानाची शिडी 68वर आणि भक्तीची 66वर नेली, तर चित्रं, रंग, नावं सगळं तसंच राहून पट वेगळ्या पंथाचा होईल. खेळाचा वारसा ओळखायची कसोटी मला इथे सापडते: नियम बदलला की खेळाचं मत बदलतं का? बदलत असेल तर नियमात विचार आहे. बदलत नसेल तर विचार फक्त सजावटीत आहे.

या कसोटीवर सापशिडीचा पुढचा प्रवास पाहण्यासारखा आहे. 19व्या शतकाच्या अखेरीस खेळ इंग्लंडला पोचला. फ्रेडरिक हेन्री एअर्स यांनी 1892 मध्ये तिथे तो नोंदवला. सुरुवातीच्या इंग्रजी पटांवर काटकसर, उद्योग, पश्चात्ताप असे व्हिक्टोरियन सद्गुण होते. पुढे तेही गळाले. अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने 1943 मध्ये सापांच्या जागी घसरगुंड्या आणल्या, आणि मुलांच्या बऱ्या-वाईट वागण्याची चित्रं छापली. म्हणजे नीतीची चित्रं उरली. घरांचा क्रम मात्र मुका झाला. कोणतं घर कोणाशेजारी आहे याला आता काही अर्थ राहिला नाही. असंच आणखी एका खेळाचं झालं. अमेरिकेच्या एलिझाबेथ मॅगी यांनी 1904 मध्ये ‘लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट घेतलं. जमिनीच्या भाड्यातून काहींची चंगळ आणि बाकीच्यांचं दिवाळं कसं होतं हे खेळून कळावं, हा त्यांचा हेतू होता. म्हणून त्यांनी नियमांचे दोन संच रचले: एकात सगळ्यांची भरभराट, दुसऱ्यात मक्तेदारी. 1935 मध्ये पार्कर ब्रदर्सने ‘मोनोपॉली’ बाजारात आणला तेव्हा श्रेय चार्ल्स डॅरो यांना मिळालं, मॅगींचं पेटंट 500 डॉलरना विकत घेतलं गेलं आणि भरभराटीचा संच बाजूला पडला. आपल्याकडे ‘व्यापार’ म्हणून घरोघर खेळला जातो तो याच कुळातला. नाव गेलं हा अन्याय झालाच, पण अर्धे नियम गेल्याने नुकसान त्याहून मोठं झालं: मक्तेदारीवर टीका करायला जन्मलेला खेळ मक्तेदारीचा उत्सव बनला.

इथे एक रास्त आक्षेप येतो. ‘सिव्हिलायझेशन’चे कर्ते सिड मायर यांच्या मते खेळ म्हणजे रंजक निर्णयांची मालिका. मोक्षपटात निर्णय कुठे आहे? फासा पडेल तसं जायचं. मग तो खेळ कसला, ते प्रवचनच. आक्षेपात तथ्य आहे. मोक्षपटातला माणूस भक्ती निवडत नाही, ती त्याच्या वाट्याला येते. पण हे रचनेचं अपुरेपण नसून तिचं मत असावं, असंही म्हणता येईल. पूर्वकर्माच्या फाशावर चालणारा जीव दाखवायचा तर निवडीचा अभाव हाच नियम हवा. तरी मर्यादा मान्य करायला हवी. निवड नसेल तर जबाबदारीही नसते, आणि खेळाडू हरल्यावर स्वतःला नव्हे, फाशाला बोल लावतो. नीतीचा विचार पूर्णपणे खेळात उतरायचा तर फाशाच्या जागी खेळाडूचं वागणं यायला हवं होतं. ते काम संगणकाने शक्य केलं.

व्हिडिओ गेमच्या इतिहासातल्या मोठ्या रचनाकारांची थोरवीही याच जागी आहे. शिगेरू मियामोतो यांच्या 1985 च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा पहिलाच पडदा घ्या. सूचनेची एक ओळ नाही. मारिओ डावीकडे, उजवीकडे मोकळी जागा, म्हणून माणूस आपोआप उजवीकडे जातो. मग पहिला शत्रू चालत येतो. उडी मारली नाही तर मरण, आणि मेलं तरी गमावलेले सेकंद दोन-चारच. वस्तूंच्या जागांनी शिकवायचं, ही तीच 54-55ची विद्या. त्याच वर्षी रिचर्ड गॅरियट यांचा ‘अल्टिमा 4’ आला. आधीच्या खेळांत खेळाडू वाटेल त्याला लुटतात, मारतात आणि तरीही नायक ठरतात, हे त्यांना खटकलं होतं. म्हणून या खेळात शेवटी मारायला खलनायकच ठेवला नाही. प्रामाणिकपणा, करुणा, न्याय, नम्रता असे आठ सद्गुण अंगी बाणवून ‘अवतार’ व्हायचं, ही कल्पनाही त्यांनी हिंदू परंपरेतून उचललेली. त्यात मंत्रद्रव्यं विकणारी एक अंध दुकानदार आहे. किती नाणी दिली हे ती मोजू शकत नाही. खेळाडू स्वतःच आकडा टाकतो. कमी दिले तर तिथे कोणी ओरडत नाही, शिक्षा होत नाही. खेळ फक्त मनाशी नोंद ठेवतो, आणि पुढे कधीतरी प्रामाणिकपणाची वाट अडते. मोक्षपटाचा प्रभाव गॅरियट यांच्यावर होता असा माझा दावा नाही. पण मोक्षपटात जी जागा रिकामी होती, ती या दुकानाने भरली, हे नक्की.

आता घराजवळचं उदाहरण. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ आणला. भावाला असुरांच्या तावडीतून सोडवायला निघालेली राजी नावाची मुलगी, तिच्या पाठीशी दुर्गा आणि विष्णू. राजस्थानी किल्ल्या-महालांची वास्तू, पहाडी चित्रशैलीची छाप, कथा सांगायला बाहुल्यांच्या सावल्या. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. छोट्या चमूने, मर्यादित साधनांत केलेलं हे काम अभिमानास्पदच आहे. पण कसोटी लावली तर उत्तर संमिश्र येतं. भिंतींवर धावणं, खांबांवरून झेपावणं, शत्रूंच्या घोळक्यात शस्त्र फिरवणं, ही चाल जॉर्डन मेकनर यांनी 1989 मध्ये सुरू केलेल्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ मालिकेतून चालत आलेली आहे. दुर्गेच्या त्रिशुळाच्या जागी दुसरं एखादं शस्त्र ठेवलं तर चित्र बिघडेल, खेळ तसाच राहील. मंडलं फिरवून जुळवायची कोडी मात्र याला अपवाद आहेत. तिथे हात फिरवता फिरवता कथा उलगडते, आणि नियम थोडा तरी आशयाशी बोलतो. ‘राजी’चं सगळ्यात मोलाचं देणं मला त्या मंडलांत दिसतं; महालांकडे मात्र कौतुकाने पाहिलं जातं.

चित्रं, वास्तू, वेष यांना कमी लेखायचं का? मुळीच नाही. आपल्यासारखी मुलगी पडद्यावर नायिका म्हणून पहिल्यांदा दिसणं याचं मोल नियमांनी भरून येणारं नाही. मोक्षपटालाही घरांची नावं नसती तर 54 आणि 55 हे नुसते आकडेच राहिले असते. मुद्दा शब्द-चित्रं हवीत की नकोत हा नाहीच. ती नियमाला बांधलेली आहेत की वरून डकवलेली, हा आहे. दुसरा आक्षेप असा की लोक करमणुकीला येतात, शिकवणीला नव्हे. तेही खरं. पण ‘व्यापार’ खेळताना कोणी अर्थशास्त्र शिकायला बसत नाही. तरी भाडं वसूल करायची चटक त्या नियमांतूनच लागते. प्रत्येक खेळ काही ना काही शिकवतोच. कर्त्याने ते जाणूनबुजून शिकवलं की नकळत, एवढाच फरक.

महाराष्ट्र शासनाने 2025 मध्ये अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी वेगळं धोरण मंजूर केलं. आता भांडवल येईल, स्टुडिओ उभे राहतील, आणि ‘आपली संस्कृती गेममध्ये आणा’ असा आग्रहही धरला जाईल. त्या आग्रहाचा सोपा अर्थ म्हणजे वेरूळचं कैलास त्रिमितीत उभं करून त्यात राक्षस सोडायचे. अवघड अर्थ इथल्या नियमांकडे पाहण्याचा आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाचंच घ्या. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने नदीखोऱ्यांत समन्यायी पाणीवाटपाचं तत्त्व आणलं. ते राबवण्यासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीच्या सूत्रात 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा 65 टक्क्यांखाली असेल तर नाशिक-अहिल्यानगरच्या वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा हिशेब आहे. तारीख, टक्का, वरचा आणि खालचा खेळाडू: नियम तयार आहे, संघर्ष तयार आहे. एका वर्षी वरच्या धरणावर बसून दरवाजा रोखणाऱ्याला पुढच्या वर्षी खाली बसवलं, तर कोणतंही भाषण न करता खेळ आपलं मत मांडेल. आणि तो 65चा आकडा वर-खाली केला की ते मतही बदलेल. मोक्षपट रचणाऱ्याने त्याच्या काळातला सगळ्यात मोठा प्रश्न, मुक्तीचा, घरांच्या क्रमात बसवला. त्याचा वारसा सांगणाऱ्याने आपल्या काळातला प्रश्न तसाच बसवून दाखवावा. पटावर साप-शिड्यांची चित्रं नसली तरी चालेल.